७० टक्के ब्लॉकेज म्हणजे स्टेंट पक्काच का? रक्ताचा प्रवाह कॉम्प्युटरवर कसा मोजतात, समजून घ्या

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. माझ्या मामांना जिना चढताना छातीत दाटून यायला लागलं. वय ५८, बीपीची गोळी चालू, शुगर बॉर्डरवर. स्ट्रेस टेस्ट झाली, मग अँजिओग्राफी ठरली. आम्ही सगळे कॅथलॅबबाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "एका नळीत ७० टक्के ब्लॉक आहे. पेशंट टेबलवरच आहेत. स्टेंट टाकायचा का? लवकर सांगा."

मामी माझ्याकडे बघायला लागल्या. "अगं, तू पत्रकार आहेस ना, तुला कळत असेल. सांग काय करायचं?" मला काहीच कळत नव्हतं. मी मोबाईलवर गुगल करत होते. शेवटी सगळ्यांनी माना हलवल्या आणि मामींनी सही केली.

मामा आज ठणठणीत आहेत. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. ७० टक्के म्हणजे नक्की कशाचे ७० टक्के? आणि एवढ्या एका आकड्यावर असा निर्णय घेता येतो का?

उत्तर शोधत गेले तेव्हा कळलं की हाच प्रश्न डॉक्टरांनाही कित्येक वर्षं पडला होता. आणि त्याचं उत्तर शेवटी औषधाच्या दुकानातून नाही, तर पाइपातून पाणी कसं वाहतं हे शिकवणाऱ्या इंजिनिअरिंगमधून आलं. आज एका साध्या सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटर सांगू शकतो की तुमच्या हृदयाच्या नळीतला ब्लॉक खरोखर रक्त अडवतोय की नुसताच फोटोत भयंकर दिसतोय. हे कसं जमतं, तेच सोप्या भाषेत बघूया.

आधी बघूया, ७० टक्के कशाचे?

हृदय दिवसाला साधारण १ लाख वेळा धडधडतं आणि आरामात बसलेल्या माणसात मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त शरीरभर ढकलतं. पण हृदय स्वतःही एक स्नायू आहे आणि त्यालाही रक्त लागतं. ते पोचवणाऱ्या ज्या नळ्या असतात त्यांना कोरोनरी आर्टरी म्हणतात. मुख्य नळ्यांची जाडी २ ते ४ मिमीच्या आसपास, म्हणजे फ्रूटीच्या स्ट्रॉएवढी धरा.

अँजिओग्राफीत या नळ्यांमध्ये एक डाय सोडतात आणि एक्स-रेवर व्हिडिओ घेतात. म्हणजे आपल्याला दिसते ती नळीची सावली. सावली जिथे बारीक झाली तिथे ब्लॉक. ती किती बारीक झाली, याचा अंदाज बऱ्याचदा डॉक्टर नजरेनंच घेतात. अनुभवी नजर असली तरी दोन डॉक्टरांच्या अंदाजात फरक पडू शकतो.

अजून एक गंमत आहे. "७० टक्के ब्लॉक" म्हणजे नळीचा व्यास ७० टक्क्यांनी कमी झालाय. समजा नळी ३ मिमीची आहे, तर आता वाट उरली ०.९ मिमीची. पण रक्त जातं ते नळीच्या तोंडाच्या पूर्ण क्षेत्रफळातून. व्यास ३० टक्के उरला, तर क्षेत्रफळ उरतं ०.३ गुणिले ०.३, म्हणजे फक्त ९ टक्के. त्या हिशोबानं हाच ब्लॉक ९१ टक्के झाला! व्यासात मोजलेला ५० टक्के ब्लॉक क्षेत्रफळात मोजला तर ७५ टक्के होतो. म्हणजे ब्लॉक तोच, पण मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर "आमच्या काकांना ९० होता, तुमच्याकडे ५०च आहे, काही होत नाही" असं म्हणताना हे लक्षात ठेवा.

रस्ता अरुंद आहे, पण जाम झालाय का?

आता खरा मुद्दा. दोन रस्ते डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडे एकसारखा अरुंद पूल आहे. एक पूल आहे गावाकडच्या रस्त्यावर, दिवसाला चार एसट्या आणि काही ट्रॅक्टर. दुसरा पूल आहे मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर. पूल तेवढाच अरुंद, पण जाम फक्त एकीकडे होणार.

कोरोनरी नळीचंही तसंच आहे. तिच्या पुढे हृदयाचा मोठा भाग आहे की छोटा, ब्लॉक लांबलचक आहे की नुसता एक चिमटा, तो सरळ नळीत आहे की फाट्यावर, यावर ठरतं की त्यानं खरंच रक्त अडतंय का. फोटोतली टक्केवारी यातलं फारसं काही सांगत नाही.

त्यात शरीर स्वतःही जुगाड करतं. नळी अरुंद झाली की तिच्या पुढच्या बारीक वाहिन्या सैल होतात आणि रक्त ओढून घेतात. १९७४ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर लान्स गोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवलं. प्राणी आरामात असताना नळीचा व्यास साधारण ८५ टक्क्यांनी कमी होईपर्यंत प्रवाह जवळपास तसाच राहत होता. पण हृदयाला जास्तीत जास्त रक्त लागतं तेव्हाचा प्रवाह मात्र त्याच्या निम्म्या ब्लॉकपासूनच घटायला लागला होता.

म्हणूनच मामांना सोफ्यावर बसून मॅच बघताना काही व्हायचं नाही आणि जिना चढताना दुखायचं. आरामात असताना शरीर सांभाळून घेत होतं. जिन्यावर मागणी वाढली की पुरवठा कमी पडायचा.

१६ पटीचा हिशोब

नळी अरुंद झाली की प्रवाह नेमका किती कमी होतो, हे पहिल्यांदा नीट मोजणाऱ्यांपैकी एक माणूस डॉक्टरच होता. फ्रान्सचा ज्याँ पॉझय. आज आपण बीपी ज्या "मिलिमीटर ऑफ मर्क्युरी"मध्ये मोजतो, तो पाऱ्याच्या नळीनं रक्तदाब मोजायचा प्रकार त्यानं १८२८ च्या आपल्या प्रबंधात वापरला होता. पुढे १८४० च्या दशकात त्यानं अतिशय बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून मोजमाप केलं. रक्त गोठतं, म्हणून पाणी.

त्याला सापडलेला नियम धक्कादायक आहे. नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही. तो होतो १६ पट कमी! कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. २ गुणिले २ गुणिले २ गुणिले २, म्हणजे १६.

मग ५० टक्के ब्लॉक असलेल्या माणसाचं हृदय बंद का पडत नाही? कारण पॉझयचा नियम लांब, सरळ, सगळीकडे सारख्या जाडीच्या नळीसाठी आहे. आपल्या शरीरात ब्लॉक साधारण काही मिलिमीटरचा असतो, नळ्या वाकड्या असतात, त्यांना फाटे फुटतात, रक्त धडधडीच्या तालावर वाहतं आणि पुढच्या वाहिन्या गरजेप्रमाणे सैल होतात. थोडक्यात, नियम बरोबर आहे, पण शरीर त्याच्या पुस्तकातल्या आकृतीसारखं नाही. खऱ्या नळीसाठी खरा हिशोब करावा लागतो.

डॉक्टरांनी काढलेला उपाय: तार टाका आणि प्रेशर मोजा

१९९० च्या दशकात नेदरलँड्सचे निको पाइल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड डी ब्रॉइना या डॉक्टरांनी एक सरळ मार्ग पुढे आणला. ब्लॉक किती दिसतो हे सोडा, ब्लॉकच्या अलीकडे आणि पलीकडे प्रेशर किती आहे ते मोजा. या चाचणीला फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह, म्हणजे एफएफआर म्हणतात.

केसासारख्या बारीक तारेच्या टोकाजवळ प्रेशर सेन्सर असतो. ती तार ब्लॉकच्या पलीकडे नेतात. मग अॅडेनोसिनसारखं औषध देऊन बारीक वाहिन्या पूर्ण सैल करतात. म्हणजे टेबलवर झोपलेल्या पेशंटच्या हृदयात रक्ताची वाट जिना चढताना असते तेवढी मोकळी होते. आता ब्लॉकच्या आधी प्रेशर १०० असेल आणि नंतर ९० असेल, तर एफएफआर झाला ०.९०. म्हणजे रक्त बऱ्यापैकी पोचतंय. नंतर ७० असेल तर एफएफआर ०.७०, म्हणजे मोठी अडचण. ०.८० किंवा त्याखाली आकडा आला तर ब्लॉक खरोखर रक्त अडवतोय असं मानतात.

याचा फायदा काय झाला? २००९ मध्ये फेम नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. अमेरिका आणि युरोपातल्या २० हॉस्पिटलांमधले १,००५ पेशंट, सगळ्यांना एकापेक्षा जास्त नळ्यांत ब्लॉक. अर्ध्या पेशंटना अँजिओग्राफी बघून स्टेंट टाकले, अर्ध्यांना एफएफआर मोजून. पहिल्या गटात सरासरी २.७ स्टेंट लागले, दुसऱ्यात १.९. आणि वर्षभरात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा प्रोसिजर करावी लागण्याचं प्रमाण पहिल्या गटात १८.३ टक्के होतं, दुसऱ्यात १३.२ टक्के. म्हणजे स्टेंट कमी आणि निकाल चांगला.

त्याच अभ्यासातून अजून एक गोष्ट पुढे आली. अँजिओग्राफीत ५० ते ७० टक्के दिसणाऱ्या ब्लॉकपैकी फक्त ३५ टक्के ब्लॉक एफएफआरमध्ये खरंच अडथळा ठरले. ७१ ते ९० टक्के दिसणाऱ्यांपैकी ८० टक्के ठरले. ९० च्या वर दिसणारे मात्र जवळपास सगळेच खरे निघाले.

आता मामांचा ७० टक्क्यांचा आकडा आठवा. अगदी सीमारेषेवरचा. तिथे नुसत्या नजरेवर सांगणं सगळ्यात कठीण.

मग सगळीकडे एफएफआर का करत नाहीत? कारण त्यासाठी वेगळी तार लागते, औषध लागतं, वेळ लागतो, खर्च लागतो. आणि मुख्य म्हणजे त्यासाठी आधी कॅथलॅबमध्ये जाऊन नळी आत घालावी लागते. नुसतं "ब्लॉक गंभीर नाही" हे कळण्यासाठी पेशंटला टेबलवर घ्यावं लागतं.

इथेच इंजिनिअर मंडळी पुढे आली. त्यांचा प्रश्न साधा होता. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते हे आपण कॉम्प्युटरवर काढतो. मग नळीत तार न घालता, फक्त फोटोवरून, रक्ताचं प्रेशर काढता येणार नाही का?

रक्ताचं समीकरण

द्रव पदार्थ कसे वाहतात हे सांगणारी समीकरणं आपल्याकडे १९ व्या शतकापासून आहेत. फ्रान्सच्या नाव्हिए यांनी ती १८२२ मध्ये मांडली आणि ब्रिटनच्या स्टोक्स यांनी १८४५ मध्ये पक्की केली. नाव ऐकून घाबरू नका. आत आहे शाळेतलाच न्यूटनचा नियम.

द्रवाचा एक इवलासा ठिपका घ्या. त्याच्यावर मागून प्रेशर ढकलतंय, शेजारचे थर चिकटून त्याला अडवतायत. या सगळ्या ओढाताणीतून त्याचा वेग किती बदलेल, एवढंच समीकरण सांगतं. सोबत एक अट असते: जेवढं रक्त आत आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे, मधेच गायब व्हायचं नाही.

वाचायला सोपं, सोडवायला महाकठीण. इतकं की या समीकरणांना नेहमी नीट उत्तर असतंच का, हे सिद्ध करणाऱ्याला अमेरिकेतल्या क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटनं २००० मध्ये १० लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलंय. ते अजून कुणी नेलेलं नाही. पण कागदावर सुटत नसलं तरी कॉम्प्युटरला कामापुरतं जवळचं उत्तर काढता येतं.

रक्तप्रवाह आणि कॉम्प्युटर यांचं नातंही जुनं आहे. जॉन वोमर्स्ली हे ब्रिटिश गणितज्ञ ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गणित विभागाचे प्रमुख होते. १९४५ मध्ये ॲलन ट्युरिंग यांना कॉम्प्युटर बनवण्यासाठी तिथे आणणारे तेच. याच वोमर्स्लींनी पुढे १९५५ मध्ये, ठोक्याठोक्यानं वाहणाऱ्या रक्ताचा प्रवाह नळीत कसा असतो, याचं गणित मांडलं. ते आजही शिकवलं जातं. आणि १९७२ मध्ये चार्ल्स पेस्किन यांनी हृदयाच्या झडपेभोवती रक्त कसं फिरतं ते कॉम्प्युटरवर काढण्याची पद्धत दिली.

सीटी स्कॅन ते रंगीत नकाशा: ५ पायऱ्या

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स टेलर हे इंजिनिअर आणि ख्रिस्तोफर झॅरिन्स हे रक्तवाहिन्यांचे सर्जन १९९० च्या दशकापासून यावर काम करत होते. २००७ मध्ये त्यांनी हार्टफ्लो ही कंपनी काढली. त्यांच्या चाचणीला म्हणतात एफएफआर-सीटी. ती कशी चालते ते बघा.

१. नळीचा थ्रीडी साचा. हातातल्या शिरेतून डाय देऊन हृदयाचा सीटी स्कॅन काढतात. त्यात नळ्यांचे शेकडो बारीक काप मिळतात. ते एकावर एक रचले की तुमच्याच हृदयाच्या नळ्यांचा थ्रीडी साचा तयार होतो, ब्लॉकसकट.

२. साच्याचे तुकडे. अख्ख्या नळीचं समीकरण एकदम सुटत नाही. म्हणून साच्याचे लाखो छोटे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याला फक्त आपल्या शेजाऱ्यांचा हिशोब ठेवायचा. जिथे ब्लॉक आहे तिथे तुकडे आणखी बारीक, कारण तिथेच खरी गडबड असते.

३. रक्ताचे गुणधर्म. रक्त पाण्यापेक्षा साधारण ३ ते ४ पट घट्ट असतं आणि त्यात जवळपास ४५ टक्के भाग पेशींचा असतो. खूप बारीक वाहिन्यांमध्ये ते विचित्र वागतं, पण कोरोनरीएवढ्या नळीत त्याला साधा घट्टसर द्रव मानलं तरी चालतं.

४. टोकांचं काय करायचं? सगळ्यात अवघड पायरी हीच. सीटीमध्ये मोठ्या नळ्या दिसतात, पण पुढच्या हजारो बारीक वाहिन्या दिसत नाहीत. मग त्या रक्ताला किती अडवतात हे कसं कळणार? इथे तीन अंदाज वापरतात. एक, हृदयाचा स्नायू जेवढा जास्त, तेवढं त्याला लागणारं रक्त जास्त. दोन, नळी जेवढी मोठी, तेवढा पुढचा अडथळा कमी. तीन, अॅडेनोसिन दिलं तर बारीक वाहिन्या साधारण किती सैल होतात हे आधीच्या अभ्यासांतून माहीत आहे, त्यामुळे पेशंटला ते औषध प्रत्यक्ष द्यायची गरज नाही, कॉम्प्युटरवर "दिलं" तरी चालतं. त्यात पेशंटचं दंडावर मोजलेलं बीपी घालतात.

५. हिशोब. आता कॉम्प्युटर प्रत्येक तुकड्यातलं प्रेशर आणि वेग काढतो. शेवटी हातात येतो तुमच्या नळ्यांचा रंगीत नकाशा. कुठल्या ठिकाणी आकडा ०.९२, ब्लॉकनंतर किती, पुढे किती, सगळं दिसतं. ०.८० च्या खाली गेलं की रंग बदललेला.

म्हणजे तार आत न घालता, तार घातल्यावर काय दिसलं असतं याचा हिशोब. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं या चाचणीला परवानगी दिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेनंही छातीत दुखणाऱ्या, पण तब्येत स्थिर असलेल्या पेशंटसाठी तिची शिफारस केली.

पण हे कितपत खरं येतं?

इथे मार्केटिंग बाजूला ठेवून आकडे बघूया.

२०१४ च्या एनएक्सटी अभ्यासात २५४ पेशंटची एफएफआर-सीटी केली आणि तार घालून खरा एफएफआरही मोजला. दोन्ही उत्तरं ८१ टक्के पेशंटमध्ये जुळली. ज्यांना खरंच अडथळा नव्हता त्यांच्यापैकी ७९ टक्के लोकांना कॉम्प्युटरनं बरोबर "नाही" म्हटलं. नुसता सीटी फोटो बघून हेच प्रमाण फक्त ३४ टक्के होतं. सुधारणा मोठी आहे. पण साधारण पाचातल्या एका पेशंटमध्ये उत्तर चुकलं, हेही तेवढंच खरं.

२०१५ चा प्लॅटफॉर्म अभ्यास युरोपातला. ज्यांची अँजिओग्राफी ठरली होती, त्यांच्यातल्या एका गटाची आधी सीटी आणि गरज पडली तर एफएफआर-सीटी केली. त्यानंतर ६१ टक्के लोकांची अँजिओग्राफी रद्द झाली. ज्या गटाला नेहमीसारखं थेट अँजिओग्राफीला नेलं, त्यातल्या ७३ टक्के लोकांमध्ये मोठा ब्लॉक सापडलाच नाही!

मग पैसे वाचतात का? इथे उत्तर तितकं गोड नाही. नाइसनं शिफारस करताना प्रत्येक पेशंटमागे २१४ पौंड वाचतील असा अंदाज दिला होता. पण पुढे ब्रिटनमध्येच १,४०० पेशंटवर फोरकास्ट नावाचा अभ्यास झाला. २०२१ मध्ये त्याचे निकाल आले. अँजिओग्राफीचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी झालं, पण एकूण खर्चात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे पेशंटची कॅथलॅबवारी वाचली, पण हॉस्पिटलचं बिल जवळपास तेवढंच राहिलं.

कुठे चालत नाही?

हे गणित शेवटी फोटोवर उभं आहे. फोटो खराब तर उत्तर खराब. नळीत कॅल्शियम खूप साठलं असेल, ठोके फार जलद किंवा अनियमित असतील, पेशंटनं स्कॅनच्या वेळी श्वास रोखला नसेल, तर साचा चुकतो. आणि पॉझयचा १६ पटीचा हिशोब आठवा. त्रिज्येत थोडी चूक झाली तरी प्रवाहात मोठी चूक होते. आधी स्टेंट किंवा बायपास झालेल्या लोकांमध्ये हे अजून अवघड जातं.

आकडा ०.८० च्या अगदी आसपास आला तर तोही दगडावरची रेघ मानायचा नसतो. तिथे डॉक्टर लक्षणं, वय, बाकीच्या तपासण्या बघूनच ठरवतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं हार्ट अटॅकच्या वेळी लागू नाही. अटॅक आला असेल, छातीत दुखणं थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर तिथे गणित करत बसायचं नसतं. नळी लवकरात लवकर उघडणं हाच उपचार, आणि त्या वेळी अँजिओप्लास्टी जीव वाचवते. हा लेख वाचून कुणी हॉस्पिटलला जायला उशीर करू नका.

हे गणित अजून कुठे कामाला येतं?

नदीच्या वळणाला आतल्या बाजूला गाळ साचतो हे आपण बघतो. तिथे पाणी संथ असतं. १९६९ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे कॉलिन कॅरो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नळ्यांमध्येही चरबीचे सुरुवातीचे थर जिथे रक्त भिंतीला हलकं घासून जातं अशाच जागी दिसतात, म्हणजे वळणाच्या आत आणि फाट्यांवर. नदीतल्या गाळासारखं ते सरळ साचणं नाही, नळीच्या भिंतीतल्या पेशी प्रवाह ओळखून वेगळ्या वागतात. पण ब्लॉक ठरावीक जागीच का होतात, याचं उत्तर प्रवाहात आहे हे तेव्हापासून पक्कं झालं.

दुसरं उदाहरण लहान मुलांचं. काही बाळं हृदयाचा एकच काम करणारा पंप घेऊन जन्माला येतात. त्यांच्यात शरीराकडून येणाऱ्या मोठ्या शिरा थेट फुफ्फुसाच्या नळीला जोडतात. जोड समोरासमोर दिला तर दोन्हीकडून येणारं रक्त एकमेकांवर आदळतं आणि ताकद वाया जाते. १९९० च्या दशकात लंडनचे सर्जन मार्क डी लेव्हाल आणि इटलीतल्या मिलानचे इंजिनिअर यांनी कॉम्प्युटरवर वेगवेगळे जोड तपासले. शस्त्रक्रियेआधी कॉम्प्युटरवर "करून बघायची" पद्धत इथून रुजली.

मग आपण काय विचारायचं?

आपल्याकडे स्टेंट हा पैशाचाही विषय आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या एनपीपीएनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेल्या स्टेंटसाठी तेव्हा २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये. त्यामुळे स्टेंट स्वस्त झाला. पण तो लागतो की नाही, हा प्रश्न किमतीनं सुटत नाही. स्टेंटनंतर महिनोन्‌महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्याही घ्याव्या लागतात.

दुसरीकडे, ३७ देशांतल्या ५,१७९ पेशंटवर झालेल्या इस्केमिया अभ्यासाचे निकाल २०२० मध्ये छापून आले. तब्येत स्थिर असलेल्या पेशंटमध्ये, आधी नीट औषधं दिली काय किंवा आधीच अँजिओप्लास्टी-बायपास केली काय, मृत्यू आणि मोठ्या धोक्यांच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. छातीतलं दुखणं मात्र प्रोसिजर केलेल्यांचं जास्त कमी झालं. मुख्य डाव्या नळीत मोठा ब्लॉक असलेले पेशंट या अभ्यासात नव्हते, हेही लक्षात घ्या.

म्हणजे स्टेंट वाईट नाही. तो योग्य जागी असला पाहिजे, एवढंच.

तेव्हा घरातल्या कुणाची तब्येत स्थिर असेल आणि अँजिओग्राफी ठरली असेल, तर टेबलवर जायच्या आधी, ओपीडीत बसून हे चार प्रश्न विचारा:

- आधी सीटी अँजिओग्राफी करून चालेल का? तुमच्याकडे किंवा शहरात एफएफआर-सीटीची सोय आहे का?
- अँजिओग्राफीत ब्लॉक ५० ते ९० टक्क्यांच्या मधे दिसला, तर तारेनं एफएफआर मोजाल का? खर्च किती येईल?
- ब्लॉक कुठल्या नळीत आहे आणि तिच्या पुढे हृदयाचा किती भाग आहे?
- लगेच ठरवणं गरजेचं आहे का, की औषधं सुरू करून दोन दिवसांनी ठरवलं तर चालेल?

बहुतेक डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात. माणूस टेबलवर असताना बाहेरच्या बाकड्यावरून विचारले तर मात्र त्यांनाही त्रास आणि आपल्यालाही.

आम्हाला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मामांचा तो स्टेंट गरजेचा असेलही. आता जिना चढताना त्यांना दुखत नाही, हे खरं. पण प्रेशर किती होतं, हे तेव्हा कुणी मोजलं नाही, म्हणून नक्की सांगता येत नाही. परवा मामींना हे सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंस?"

म्हणून तुम्हाला आधी सांगतेय. घरच्या ग्रुपवर पाठवून ठेवा.